मोडनिंबात न पडलेला गल्याथ

प्रति,
मा. जिल्हा पोलीस अधीक्षक साहेब,
सोलापूर.

अर्जदार : कुंडलिक याकोब गायसमुद्रे, वय ६३, धंदा ख्रिस्ती कीर्तन, राहणार सोलापूर.

विषय : पासपोर्टाच्या चौकशीत अर्जदारास ‘मारामारीस चिथावणी देणारा’ ठरविल्याने अडलेली शिफारस, व त्यावर एक उपाय.

संदर्भ : मौजे मोडनिंब येथील दि. १२ फेब्रुवारी १९७८ चे कीर्तन.

महोदय,

१. अर्जदार हा तरुणपणापासून हातात झांज घेऊन गावोगाव प्रभूच्या वचनाचे कीर्तन करीत आला आहे. गेल्या वर्षी नैरोबीचे दोन कॉलेजकुमार सोलापूरच्या ख्रिस्ती मंडळीत पाहुणे आले होते. त्यांनी अर्जदाराचे बायबलातल्या महाबली शमशोनाचे आख्यान ऐकले. भाषेचे अक्षर कळत नसता, अर्जदाराने सिंहाचा जबडा फाडला तेव्हा त्यांपैकी एक जण खुर्चीसकट मागे पडला. परत जाऊन त्यांनी आपल्या विद्यार्थी मंडळातर्फे पत्र धाडले की, आमच्या वसतिगृहातली पोरे प्रार्थनेला बसत नाहीत, एकमेकांची डोकी मात्र फोडतात; तरी आपण सहा महिने स्वयंसेवक म्हणून यावे. बोट १८ एप्रिलला मुंबईहून सुटते. अर्जदाराने जन्मात समुद्र पाहिलेला नाही. दुसरे निमंत्रण येईपर्यंत अर्जदार टिकेल असे त्याच्या मंडळीस, म्हणजे सौ. वच्छला हिला, वाटत नाही, आणि ती सहसा चुकत नाही.

२. अशात चौकशीस आलेल्या फौजदारसाहेबांनी कागदावर वरीलप्रमाणे शेरा मारला. शेरा खोटा नाही, पण अपुरा आहे. सबब पूर्ण हकिकत सादर आहे.

३. त्या दिवशी आख्यान बायबलातल्या पोरसवदा दावीद आणि राक्षसी गल्याथ यांचे होते. दावीद मेंढरे राखणारा व गोफण चालविणारा. म्हणून अर्जदाराने मोडनिंबच्या शिवारात मेंढरे बसविलेल्या बिरप्पास उभे केले. बिरप्पा अंगाने काडी, पण उभ्या शाळूतले पाखरू नेमके उडविणारा. गल्याथ म्हणून गावचे महिपती पैलवान मिळाले. ते दारातून अंग तिरके करून आत जातात. त्यांना तेलाच्या डब्यांचे चिलखत घातले आणि सांगितले की, तुम्ही महाबली वीर आहात, तुमची डरकाळी ऐकून राजाचे सैन्य धोतर सोडून पळते. पैलवान खूष झाले. पुढचे सांगितले नव्हते. कीर्तनकार शेवट आधी सांगत नसतो. सांगितला तर लोक घरी जाऊन जेवतील.

४. गोफणीत चिंध्यांचा गोळा होता. बिरप्पाने तो सोडला, तो पैलवानांच्या कपाळावर बसला, आणि अर्जदाराने वचन म्हटले की गल्याथ भूमीवर पालथा पडला. पैलवान उभेच. अर्जदाराने पुन्हा म्हटले. पैलवान कानाशी येऊन हळूच म्हणाले, “कुंडलिकबाबा, कोन पडला?”

अर्जदाराने समजावले की शास्त्रात तसे आहे. त्यावर ते सगळ्या गावाला ऐकू जाईल असे म्हणाले, “शास्त्रात पडला आसंल. मोडनिंबात पडायचा न्हाय. हितं माझी तालीम हाय, सासरा हितं बसलाय.”

तालमीतल्या गड्यांनी शिट्ट्या मारल्या. मेंढक्यांतून कोणी ओरडले, “बिरप्पा, चिंध्या कशाला मारतुस, त्येला काय नवं लुगडं नेसवायचंय व्हय?” तेव्हा बिरप्पा खाली वाकला आणि त्याने धोंडा उचलला.

५. धोंडा चिलखताच्या वर, भुवईत बसला. नारळ फुटल्यासारखा आवाज झाला. रक्त डोळ्यात, मिशीत, डब्यांवर. आता तरी पडतील म्हणून अर्जदाराने वचन मोठ्याने म्हटले. पैलवान रक्त चाटीत तसेच चालत आले, बिरप्पाला कमरेला धरून उचलले आणि जात्याच्या तळीसारखे आपटले. बिरप्पाच्या दोन बरगड्या मोडल्या. शास्त्राचा निकाल उलटा लागला.

६. यानंतर मेंढक्यांच्या काठ्या उठल्या आणि तालमीतले गडी मांडवाचे वासे उपसू लागले. मांडव खाली आला. खालचे लोक एकमेकांना न बघता मारू लागले, त्यात एकाने स्वतःच्या मेव्हण्याचा कान तोडला व बाहेर आल्यावर ओळखला. बिरप्पाची बायको गोजाबाई हिने पेटीवाल्याच्या डोक्यात पेटी घातली. पेटी तो घाव बसल्यावरही काही वेळ काळी चारमध्ये वाजत होती. एक दात उडाला तो श्रीपूरच्या कारखान्यात उसाच्या गाडीत सापडला असे ऐकिवात आहे. अर्जदाराने कोणावरही हात उगारलेला नाही. अर्जदाराच्या हातची झांज पैलवानांच्या नाकावर पडली, ती तीनदा पडली, कारण वचन पुरे करणे हे अर्जदाराचे कर्तव्य होते. त्या बदल्यात पैलवानांनी अर्जदाराच्या डाव्या कानाखाली जी दिली, तेव्हापासून त्या कानात एकच मेंढी ओरडते आहे. मध्ये आलेल्या फौजदारसाहेबांना कोणी मारले हे अर्जदारास दिसले नाही. कसे मारले ते दिसले, पण ते लिहिण्यासारखे नाही.

७. एवढ्यावर मिटले असते. पण तेव्हापासून दर बाजाराला मोडनिंबात डोकी फुटत आहेत. मेंढके म्हणतात, आमचा माणूस जिंकायचा होता, त्याला फसवून हरवले. गाव म्हणते, जो उभा राहिला तो जिंकला. गेल्या बाजारी एकाचे मनगट कुऱ्हाडीच्या मागच्या बोथट तुंब्याने चेचले, बजाबाई नावाच्या भाजीवालीच्या डोळ्याखाली सहा टाके पडले, आणि तिचा या शास्त्राशी काही संबंध नव्हता. फौजदारसाहेब म्हणतात, “म्हातारबा, गाव शांत करा, मग शिफारस. तुम्ही सुरू केलंय, तुम्हीच संपवा.”

८. अर्जदार दोन्हीकडे पाया पडून आला. बिरप्पा छातीला फडके बांधून खाटेवर आहे. तो म्हणाला, “त्यो एकदा भुईला लागू दे, बाबा. मग मी सोता त्येला दूद पाजतो की.” दोन्ही बाजूंचे एकच म्हणणे पडले की कीर्तन अर्धे राहिले आहे, ते पुरे व्हावे. अडले आहे ते फक्त पैलवानांच्या पडण्यावर. अर्जदाराने त्यांना धान्य, कोंबडा आणि स्वर्ग असे तिन्ही देऊ केले. ते ऐकेनात. शेवटी भुवईचा टाका चाचपीत म्हणाले, “मेंढक्याच्या पोराम्होरं पडलो तर सासरा पोरगी माघारी न्हील. पर तुमी सायबाचा सही-शिक्क्याचा कागद आना. सरकारम्होरं पडायची लाज कुनाला नसती. तुमी कागद वाचा, मी आडवा.”

९. सबब हुजुरांस विनंती की, महिपती पैलवान यांनी ९ एप्रिल रोजी मोडनिंब येथे, चिंध्यांचा गोळा लागताच, भूमीवर पालथे पडावे व अर्जदाराचे वचन संपेपर्यंत उठू नये, असा लेखी हुकूम आपल्या सहीने व्हावा. ‘पालथे’ हा शब्द जरूर घालावा. उताणे पडल्यास तालमीच्या नियमाने ते चीत ठरतात, आणि मग सासऱ्याची समजूत सरकारलाही घालता येणार नाही.

हुकूम झाल्यास अर्जदार समुद्र पाहील. न झाल्यास पुढचा बाजार शनिवारी आहे.

आपला नम्र, उजव्या कानाने ऐकणारा,
कुंडलिक याकोब गायसमुद्रे
सोलापूर, दि. २७ मार्च १९७८

सोबत :
१) नैरोबीच्या पत्राची नक्कल.
२) हुकुमाचा मसुदा, फक्त सहीसाठी. खाली पैलवानांनी ‘वाचून घेतले, पडण्यास हरकत नाही’ म्हणून अंगठा आधीच दिला आहे.