हॉथॉर्नला टांगलेल्या पिशव्या

रेनथ्वेट, १९ ऑक्टोबर २००३

चि. हेस्टरला, विल्फचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आणि आल्याचा केक, दोन्ही पोचलं. केक तुझ्या डोरावहिनीने कुलपात ठेवलाय, मला साखर वर्ज्य म्हणून. फोन का करत नाहीस म्हणून विचारतेस, तर फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं डोरा बोलते. त्यापेक्षा पत्र बरं.

बातमी चांगली नाही. बुधवारी तिसरी गाय गाभडली, पाचव्या महिन्यात. वासरू मांजराएवढं, अंगावर केसही आलेले नव्हते. आता माझा जीव डॅमसनमध्ये अडकलाय, कारण तीही गाभण आहे. आईने लग्नात माहेराहून आणलेली तांबडी गाय, तिची लेक, लेकीची लेक, असा सत्तर वर्षं चाललेला वंश हिच्यापाशी येऊन थांबलाय. हिला आजवर तिन्ही गोऱ्हेच झाले. या खेपेला कालवड नाही झाली, की आईची गाय संपली.

गुरांची सन्टर डॉक्टरीण येऊन रक्त घेऊन गेली. वयाने लहान आहे, पण हात धीट. म्हणाली की हा कुत्र्यांच्या विष्ठेतून येणारा रोग असावा. गवताबरोबर तो गाईच्या पोटात जातो, गाय ठणठणीत राहते आणि गर्भ मरतो. मला तर रक्त तपासायचीही गरज वाटत नाही. वहिवाटीची पायवाट आपल्याच कुरणातून जाते, हे आपलं नशीब. रविवारी शहरातून माणसं येतात ती देखावा बघायला नाही, कुत्री हगवायला येतात. आणि न उचलणाऱ्यांपेक्षा उचलणारे जास्त घाणेरडे. पिशवीत भरतात, छान गाठ मारतात आणि भिंत ओलांडायच्या पायरीशी असलेल्या हॉथॉर्नच्या काटेरी झाडाला टांगून चालू पडतात. काल अकरा मोजल्या. बारावी फुटकी होती, ती माझ्या टोपीमुळे कळली.

गेल्या आठवड्यात मुरघासाच्या भाऱ्यात एक निघाली, यंत्राने चिरलेली. चारा हाताने मोकळा करताना बोटं त्यात गेली. तीनदा साबण लावला तरी जेवताना वास येत होता, शेवटी ताट सरकवलं. आणि खालच्या आळीचा तो पिकर्सगिल, बँकेतून निवृत्त झालेला, लठ्ठ लॅब्राडॉरवाला, मलाच शिकवतो की तुमच्या गाईंचं शेण चालतं, मग आमच्या बस्टरचं का नाही. मी त्याला सांगितलं की इतकं चांगलं खत असेल तर बायकोच्या गुलाबांना घाल. तेव्हापासून बोलत नाही, तेवढंच सुख.

तुझ्या टॉफीला गोंजार, त्या कुत्रीला तरी वळण आहे. माया आहे तशी असू दे.
तुझा, विल्फ

हॅरोगेट, २५ ऑक्टोबर

ती. विल्फदादास, हेस्टरचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी नाश्त्याच्या वेळी उघडलं, ही चूक झाली. मुरघासाशी आले आणि अंडं तसंच राहिलं.

अरे, इथल्या बागेतही हेच. काल एका बाईने पानांनी झाकून ठेवलं, जणू मांजरच. मी तिच्या मागे जाऊन माझ्याकडची पिशवी तिच्या हातात दिली. तिने माझ्याकडे असं बघितलं, जशी काही घाण मीच केली होती. चाळीस वर्षं शाळा शिकवली, आता हे शिकवत फिरते.

सोबत पिशव्यांचा खोका पाठवतेय, पायरीशी ठेव. पाटी लाव, पण जरा गोडीत लिही. तुझी गोडी मला माहीत आहे, म्हणून मजकूर डोरावहिनीला लिहू दे. डॅमसनचं लगेच कळव. आई धार काढताना तिच्या आजीशी बोलायची, ते अजून कानात आहे.

वहिनीला नमस्कार. मनात जागा ठेवावी.
तुझी, हेस्टर

रेनथ्वेट, ९ नोव्हेंबर

चि. हेस्टरला, आशीर्वाद.

आणखी दोन गाभडल्या, एकूण पाच झाल्या. रक्ताचा निकाल आला, कुत्र्यांचाच रोग निघाला. आठ गाईंत तो आहे आणि डॅमसनमध्येही आहे. डॉक्टरीण म्हणाली की औषध नाही. बाधित गाय गाभडते किंवा पुरते दिवस भरून विते, पण बहुतेक वेळा वासरू रोग घेऊनच येतं आणि तो पुढे आपल्या वासरांना देतं. एखादंच स्वच्छ निघतं. डॅमसनला कालवड झाली तरी रक्त तपासल्याशिवाय ठेवू नका, असं बजावलंय.

पाटी मीच लिहिली. लिहिलं की तुमच्या कुत्र्याने इथे हगलेलं माझ्या गाईच्या पोटातलं वासरू मारतं, उचला आणि घरी न्या, नाहीतर मी तुमच्या दारात आणून टाकीन. पिकर्सगिलने ग्रामसमितीकडे तक्रार केली. मी परवा झाडावरच्या नऊ पिशव्या काढल्या आणि त्याच्या फाटकाला टांगल्या. त्याच्या कुत्र्याच्या होत्या की नाही, देव जाणे.

डॉक्टरीण शहाणी आहे, पण विचारते काय, तर आपली फ्लॉस काय खाते. मी म्हटलं, राबणारं कुत्रं जे खातं ते खाते. तिचा काय संबंध? सातशे मेंढ्या वळते ती.

कळावे, लोभ असावाच.
विल्फ

हॅरोगेट, १६ नोव्हेंबर

ती. विल्फदादास, सा. न. वि. वि.

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं. तू रागावशील, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

ऑगस्टमध्ये मी आले होते तेव्हा ती विकत आणलेली पांढरी गाय व्यायली. आठवतंय? तू वार काट्याने उचलून फ्लॉसपुढे टाकलीस, बाबा टाकायचे तशीच, ही कुत्र्याची मजुरी म्हणत. टॉफीने निम्मी पळवली आणि दोघींची ओढाताण बघून आपण सगळे हसलो. मीही हसले. मग त्या पंधरा दिवसांत टॉफी रोज डॅमसनच्या कुरणात हिंडली.

मी इथल्या पशुवैद्याला विचारलं. तो म्हणाला की कुत्र्यांत हा रोग येतो तो असाच, बाधित गाईची वार किंवा मेलेलं वासरू खाऊन. मग ते काही आठवडे विष्ठेतून बाहेर टाकतात. पांढऱ्या गाईचं रक्त काय सांगतं, ते बघून घे.

आणि आता खरं सांगते. पायवाटेवर मी प्रत्येक वेळी उचललं. पण तुझ्या कुरणात, घराच्या मागे, एकदाही उचललं नाही. खिशात पिशव्या असायच्या. वाटायचं, हे काय परक्याचं आहे, घरचंच तर रान आहे, पाऊस धुऊन नेईल. त्या बाईच्या मागे धावणारी मी हीच. दादा, मला माझी किळस आली.

फ्लॉसचं कोण उचलतं, तेही विचारते. ती तर चाऱ्याच्या खोलीतच झोपते.

रागावलास तरी लिहीत जा.
हेस्टर

हॅरोगेट, १२ डिसेंबर

ती. दादास, सा. न.

चार आठवडे झाले, तुझी ओळ नाही. वहिनीने फोनवर सांगितलं की तू ठीक आहेस, पण पत्राचं नाव काढलं की गोठ्यात जाऊन बसतोस. टॉफीला घेऊन मी यापुढे येणार नाही. डॅमसन बरी आहे एवढं तरी कळव.

हेस्टर

रेनथ्वेट, २१ डिसेंबर

चि. हेस्टरला, आशीर्वाद.

तुझ्या पत्राने मी आठ दिवस चिडलो होतो. मग तीन-चार आठवडे लाज वाटली, आणि लाज वाटत असताना मला लिहिता येत नाही.

पांढऱ्या गाईत रोग आहे. डॉक्टरीण म्हणाली, बहुधा तो तिच्याबरोबरच आला आणि आपल्या अंगणातून पसरला. फ्लॉस की टॉफी की पिकर्सगिलचा बस्टर, हे आता कोणी सांगू शकत नाही. झाडावरच्या पिशव्या घाण आहेतच, ते मी मागे घेत नाही. पण चाऱ्याच्या खोलीत मागच्या भिंतीशी कंदील घेऊन गेलो. तिथे जे वाळलेलं पडलं होतं, आणि ज्यावरून मी काट्याने गवत ओढून गाईंना घालत होतो, ते बघितलं. बाहेर येऊन ओकलो. इतकी वर्षं नाकाखाली होतं आणि मी लोकांच्या पिशव्या मोजत होतो. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ, म्हणतात ना.

खोली धुतली, दार बसवलं. फ्लॉस आता ओसरीत झोपते आणि माझ्याकडे बघतही नाही. पाच गाई बाजारात गेल्या. डॅमसन आहे.

तू टॉफीला घेऊन ये. फक्त दोरीने बांधून आण. माया कमी झालेली नाही, ती कमी करायची सोयही नाही.
विल्फ

रेनथ्वेट, १४ मार्च २००४

चि. हेस्टरला, उदंड आशीर्वाद.

डॅमसन गेल्या सोमवारी दुपारी व्यायली. कालवड आहे, तांबडी, कपाळावर पांढरा ठिपका. चीक पाजण्याआधी रक्त घ्यायचं होतं, नाहीतर डॅमसनच्या चिकामुळे निकाल चुकतो, म्हणून डॉक्टरीण येईपर्यंत भुकेल्या वासराला डॅमसनपासून दूर धरून बसलो. ती हंबरत होती, मी ऐकत होतो. वार पडली तशी घमेल्यात घेतली आणि खोल पुरली. फ्लॉस ओसरीतून रडली, बाबांची मजुरी बुडवली म्हणून.

आज निकाल आला. कालवड स्वच्छ आहे. डॉक्टरणीलाही दोनदा वाचावं लागलं. डॅमसनला पुन्हा गाभण ठेवायचं नाही असं ठरलंय. घरामागे चरेल म्हातारी, डोरा काय म्हणायचं ते म्हणो. नाव तू ठेव, पण डॅमसनसारखं रानफळाचंच हवं, आईची रीत आहे.

एक सांगायचं राहिलं, आणि तू हसणार आहेस. निकाल ऐकून मी फ्लॉसला घेऊन पायरीपर्यंत गेलो. ती नेमकी पायवाटेवर बसली. तुझ्या खोक्यातली पिशवी खिशात होती. गुडघे धरून वाकलो, उचललं. ऊन ऊन लागतं गं हाताला, शी, हे तू कधी सांगितलं नव्हतंस. गाठ मारून उभा राहतो, तर समोर पिकर्सगिल, त्याच्या लठ्ठ्याला दोरीने धरून. त्याने माझ्याकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं, मग हॉथॉर्नकडे. टोपी काढून अगदी अदबीने म्हणाला की उजवीकडची फांदी मोकळी आहे.

पिशवी हातात धरून त्याच्यासमोरून घरापर्यंत चालत आलो.

टॉफीला आणि तुला, दोघींना घरची ओढ राहू दे.
तुझा, विल्फ