आज नको, मंग या

७ जानेवारी १९५४, गुरुवार

मागे लिहिलं होतं की, दिवाळीनंतर बाबा मला न्यायला आले तेव्हा सासूबाई तापाने पडल्या होत्या, आणि त्यांनी मुद्दाम बाबांना दारातूनच परतवून लावलं. ते चूक. ताप नव्हताच. मुद्दाम हेही आता म्हणवत नाही.

आज सा.बाई गोठ्यात पोत्यावर बसलेल्या दिसल्या. हात धरायला गेले तर ओरडल्या, "शिवू नको! बाहेरची आहो मी." मला वाटे त्यांचं केव्हाच थांबलं. त्यांनाही तसंच वाटे. वर्षभर काही नाही, आणि नेमकं बाबा आले त्या दुपारी. आम्ही सगळे खळ्यावर, घरी त्या एकट्या.

"तुह्या बापाले पाण्याचा लोटा कशी देऊ? व्याह्याले तोंडानं सांगू का?"

म्हणून आतूनच म्हणाल्या, "आज नको, मंग या." बाबा मुर्रीहून इतक्या लांब, इथे चिचगडला आलेले. उभ्याउभ्याच फिरले.

८ जानेवारी

सा.बाईंना विचारलं, आत्याबाई, ताप का सांगितला? "नातू येऊन राहिला अन् आजीचं हे! लोकं म्हनतील, दोन पाळणे बांधा." हसल्या. मग एकदम, "कोणाले सांगशील त माह्यं मेलेलं तोंड पायशील."

नाही सांगणार म्हटलं. म्हणायला नको होतं का?

११ जानेवारी, सोमवार

आमचे हे धान घेऊन गोंदियाला गेले होते. बाजारात बाबा भेटले. म्हणाले, "मी त्या दारात पाय ठेवत नाही. सून त्यायची, बाळंतपन त्यायनंच करावं."

ह्यांना म्हटलं, तुम्ही नेऊन सोडा. "माय अन् तुह्या बापाच्या मधात मी नाही पडत." ह्यांना खरं कारण ठाऊक नाही. मी सांगू शकत नाही.

सातवा चालू आहे. आठवा लागला की मोटारीत बसू देणार नाहीत. पहिलं बाळंतपण, आणि आई जवळ नाही...

१४ जाने., संक्रांत

सा.बाईंनी जुनी लुगडी काढून दिली, बाळाच्या दुपट्यांना. मऊ आहेत. धीर करून म्हटलं, तुम्हीच बाबांना बोलावणं पाठवा. "पाठवीन. अन् तो इचारन, तवा काऊन हाकललं? ताप होता म्हनलं त म्हनन, तापात पावन्याले दारातून हाकलतेत का? मंग?"

खरंच, मग काय.

१५ जानेवारी, शुक्रवार

कोणी न्यायला न येता या घरची सून माहेरी गेलेली नाही. रात्रभर तेच डोक्यात. आज विचारलं, मी एकटीच गेले तर? सा.बाई तांदूळ पाखडत होत्या.

"जाशील. पण मायनं इचारलं त?"

आईशी मी कधी खोटं बोलले नाही. न सांगितलं तर बाबांचा राग जन्मभर राहील. सांगितलं तर इथे कोणत्या तोंडाने परत यायचं?

वाटेत ठरवू म्हणते. पण वाटेत काही ठरणार नाही, हेही माहीत आहे. तरी जायचं. सोमवारी, १८ जानेवारीला, सकाळच्या मोटारीने.