वेष बदललेला व्हीपीएन

७ जुलै, सोमवार
आजपासून डोकं थंड. सेकंड इयरला सरांशी भांडून कॉलेज सोडलं, तेव्हापासून गर्लफ्रेंड अक्षता बोलत न्हाई. तिच्या मैत्रिणीकडून निरोप आला : शुक्रवारी पाचपर्यंत री-अ‍ॅडमिशनचा फॉर्म भर, मंग बोल. भरणारच. आधी इन्स्टावर सॉरी म्हणतो. मी कामाला बियाणं कंपनीच्या गोदामात. तिथं रेंज न्हाई, अन् वायफायवर फायरवॉलनं इन्स्टा ब्लॉक. घरून पाठवता येतं, पण मंग फायरवॉल जिंकली असं होईल.

८ जुलै, ११.१०
गोदामातल्या कॉम्प्युटरवर फायरवॉल चुकवायला व्हीपीएन टाकला. ११.१२ ला बंद. कीबोर्डवर बुक्की मारली. स्पेसबार गेला. डोकं उद्यापासून थंड.

९ जुलै
मस्तगडचा जीशान मोबाइल दुरुस्त करतो. म्हणाला, वेष बदलणारा व्हीपीएन घे, फायरवॉलला साधी वेबसाइटच वाटते. घेतला. चालला! सॉरी कसं म्हणावं यावरच्या रील्स आठ तास बघितल्या. सॉरी उद्या. फॉर्मला टाइम आहे.

१० जुलै
सकाळीच बंद. आयटीच्या महजबीन मॅडमना सहज विचारलं, एका मित्रासाठी. त्या म्हणाल्या, आतलं वाचता येत न्हाई, पण चाल दिसते. एकच वेबसाइट आठ तास कोण उघडून बसतं? मी म्हणालो, अभ्यासू माणूस. मॅडमनी मित्राला सलाम सांगितला, अन् नवा कीबोर्ड मागू नको म्हणून पण सांगितलं.

११ जुलै, शुक्रवार
जीशाननं सेटिंग बदललं. आता डेटा थोडा थोडा जातो, थांबून थांबून. दुपारभर चालला. मॅडम समोर चहा पिऊन राह्यल्या, पत्ता न्हाई. फायरवॉल खलास!

अक्षताचं प्रोफाइल मात्र उघडेना. फायरवॉल न्हाई, तिनंच ब्लॉक केलेलं. मंग 'दैवशाला' नावानं नवं अकाउंट काढलं. ५.०५ ला मेसेज : 'हाय अक्षता. बिभीषण लय चांगला मुलगा आहे, बराबर ना?'

५.०६ ला उत्तर. पोरगी बियाणं तपासणी शिकते.
"पाकीट नवं, बियाणं तेच. फॉर्म भरला का, बिभीषण?"

१२ जुलै
फॉर्मची लिंक काल पाचला बंद. कॉलेजची साइट गोदामात ब्लॉक नव्हतीच, हे आज कळलं.

पण वेष बदलल्यावर फायरवॉलला मला ओळखायला एक दिवस लागला, अक्षताला एक मिनिट. एवढं उगाच कोणी ओळखत न्हाई.

दुपारी दैवशाला पण ब्लॉक झाली. बिचारीचा काय दोष.