भाजलेली माती

चैत्र शुद्ध अष्टमी, फसली १३५३

नातवानं आज माती भाजली! चुलीच्या तुराट्या विहिरीजवळच्या तुकड्यात पसरल्या अन् पेटवून दिल्या. म्हणलं, बद्रीनाथ, भाकरी कच्ची अन् जमीन खरपूस — आता हीच वाढ ताटात. हसला न्हाई.

दोन सालं झाली, टमाट्याची हिरवी झाडं उभ्या-उभ्या माना टाकून मरतात. आधी विहिरीजवळची गेली, मंग वरच्या तुकड्यातली. यंदाही मेली तर जालन्याला कापसाच्या जिनात कामाला जाणार म्हणतो, बायकोला घेऊन. माझ्यासाठी घरात मांजर ठेवतील.

बायको म्हणजे द्वारका, हे लिहून राह्यली ती. बराबर लिहिते का, देव जाणे.

चैत्र वद्य चतुर्थी

माती भाजायची ही अक्कल शेतीखात्याच्या सायबाची. बदनापूरच्या टेशनावर भेटला अन् पढवून गेला. मेल्या झाडाचं खोड कापून पाण्यात धरायचं म्हणे. बद्रीनाथनं पाहुण्यांचा काचेचा पेला घेतला! खोडातून दुधासारखी धार खाली उतरली. "आजी, हाच रोग. मातीत दडून बसतो."

भाऊकीतला कारभारी तर दृष्ट लागली म्हणतो. तो काहीही म्हणतो. पण धार पाहिली ती पाहिली.

वैशाख वद्य द्वितीया

नांगरून जमीन उन्हात पालथी टाकलीय. वर निंबोळीची पेंड. एवढं तर बाळंतिणीला बी कोणी शेकत न्हाई.

आषाढ शुद्ध दशमी

रोपं लागली. आमच्यात गेल्या सालच्या रानातली ओंजळभर माती नव्या वाफ्यात टाकतात, जागेला ओळख पटावी म्हणून. सासूनं टाकली, मी टाकत आले. वरच्या तुकड्यातली पदरात बांधून आणल्ती. पोरानं बांधावरच अडवलं! "आजी, पदर झटक. तिच्यातच रोग आहे." वरून पाय धुवायला लावले. माझ्याच मळ्यात, सुतकातून आल्यासारखे! आता येता-जाता हाच नेम.

झटकला पदर. जिनापेक्षा बरं.

भाद्रपद शुद्ध षष्ठी

कारभाऱ्याच्या टमाट्यांनी माना टाकल्या. आमची ताठ. बघायला आला, मी पाय धुवायला लोटा पुढं केला. म्हणतो, म्हातारी बाटली.

कार्तिक शुद्ध तृतीया

पाट्या भरभरून टमाटे निघून राह्यले. जिनाचं नाव न्हाई घरात. सायब बघायला आला. बूट धुतल्याशिवाय आत सोडला न्हाई मी. खूष झाला म्हणे. इतका, की बद्रीनाथला परभणीच्या सरकारी मळ्यावर नोकरीला ये म्हणाला. पोरगं हो म्हणलं.

वा रे सायब! झाड वाचवलं अन् पोरगं उपटलं.

कार्तिक वद्य पंचमी

दुपारची गाडी. द्वारका नवं लुगडं नेसून, बोचक्यावर बसून लिहून राह्यली. हे शेवटचं.

सकाळी बद्रीनाथ मळ्यातून निघाला, सवयीनं बांधावर पाय धुवायला वाकला. लोटा काढून घेतला मी.

"राहू दे. भाजलेली आहे. लागू दे जराशी पायाला."