थॉमसचा डोळा आणि शेठचा अहवाल

१ मे, गुरुवार

कामगार दिन! आणि आजच आमच्या सातिवलीच्या गाळ्यात थॉमसच्या डोळ्यांवर घाला पडला.

समुद्रातून काढलेली मोजणीची यंत्रं परवा बोटीवर परत चढवायची, म्हणून सुट्टीच्या दिवशी कामाला बोलावलं. मी गेले नाही. फाटकाबाहेर भोंगा लावून सभा घेतली. बोलता बोलता आतून बार उडाल्यासारखा आवाज — माईक टाकून धावले. थॉमस टेबलाशी, तोंड दोन्ही हातांत. यंत्राचं स्टीलचं झाकण छताच्या पत्र्यात रुतलेलं.

२ मे

जितेशशेठ म्हणतात, "घाई केली त्याने. त्याचीच चूक."

चूक! खोल पाण्यात झाकणाचं सील जरा हललं की पाणी यंत्राच्या नळीत घुसतं. नळी वर आणली की सील पुन्हा घट्ट बसतं, आणि समुद्राचा दाब आत कोंडलेला राहतो. बाहेरून काही कळत नाही. म्हणून आधी बारीक स्क्रू सैल करायचा, आतली हवा सुस्स करत सोडायची, ती थांबली की मगच झाकण. थांबली हे ओळखायचं कशाने? थॉमसच्या कानाने! तीन वर्षं मीटर मागतेय मी. "ताई, सोळा वर्षं झाली त्याला. त्याचा कान हाच माझा मीटर." — हे कौतुक म्हणून! वर मला टोमणा, "तुम्ही पुस्तकं जरा कमी वाचा."

वाचणार. आणि मोठ्याने वाचून दाखवणार.

४ मे

डावा गेला. उजवा वाचला. थॉमसची बायको रोवेना दवाखान्याच्या जिन्यात बसली होती. रडत नव्हती. माझ्याकडे नीट बघितलंही नाही.

५ मे

अहवाल भिंतीवर लागला: 'कामगाराने स्क्रू न सोडता झाकण उघडले.' धादांत खोटं! थॉमस? जो शिकाऊ पोरांना स्क्रूआधी झाकणाला हात लावला म्हणून हातावर फटका मारायचा?

फाडला मी तो कागद. शेठ हसले. "दुसरी प्रत आहे, ताई. त्यावर तो स्वतः सही देईल." सही दिली की नोकरी गेली, आणि सोळा वर्षांचं नावही गेलं. देईलच कसा? रविवारी पुन्हा सभा. या वेळी दोन भोंगे. सगळ्या सातिवलीला ऐकू जाऊ दे!

७ मे

थॉमस आज बोलला. मी विचारलं, "स्क्रू सोडलास ना?"

"सोडला. कान लावून बसलो. आवाज आलाच नाय. वाटलं, दाब नाय आत."

"असं कसं होईल?"

रोवेनाच म्हणाली, "त्या दिवशी तुझा भोंगा गाळ्याच्या खिडकीलाच बांधलेला, सुमेधा."

"ऱ्हाऊ दे गं," थॉमस तिला म्हणाला. मग मला — "शेठला सही दिली मी सकाळी. नायतर तुझं नाव सांगायला लागलं असतं."