पासे म्हणजे पास नाही, बाबा

प्रिय बाबा,

निकाल लागला. परवा दुपारी, ड्यूटी संपता संपता, मोबाईलवर मेल आला. दोनच ओळी होत्या आणि दोन्ही फ्रेंचमध्ये. गंमत बघा, त्या दोन ओळींतला शब्दन्‌शब्द मला कळला. नापास झाले हे मला फ्रेंचमध्ये अगदी व्यवस्थित कळलं, बाबा!

तेवढ्यासाठी मी पत्र लिहायला बसले नसते. पण काल सकाळी दवाखान्यात जाताना चौकात वर पाहिलं, तर खांबावर मीच. वाऱ्यानं तुमचा श्रद्धांजलीचा फ्लेक्स फाटला होता, म्हणून तुमचे मित्र, फ्लेक्सवाले चंदूकाका, तो काढून घेऊन गेले. खालचा काढायचं त्यांच्या लक्षात आलं नाही. नर्सच्या ड्रेसमधला माझा फोटो, त्यावर मोठ्ठ्या अक्षरांत ‘फ्रेंच परीक्षा उत्तीर्ण झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’, आणि कोपऱ्यात शुभेच्छुक म्हणून तुमचं नाव. नावापुढे ‘सेवानिवृत्त वाहक’ लिहायला विसरला नाहीत तुम्ही. काल त्या खांबाखालून जाताना मान वर करायची लाज वाटली. आजही वाटली. म्हणून हे पत्र.

फ्रेंचचं खूळ माझं, पण ते डोक्यावर घेऊन नाचलात तुम्ही. कॅनडातल्या एका भागात फ्रेंच बोलतात, तिथे नर्स हव्या असतात, फ्रेंचची परीक्षा पास झाली की पुढचं दार उघडतं, एवढंच मी जेवताना बोलले होते. तुम्ही ताटावरून उठलात ते थेट फोनकडे. आत्याला सांगितलंत, मामाला सांगितलंत, डेपोतल्या जुन्या दोस्तांना सांगितलंत. मला मात्र एकदाही विचारलं नाही की बेबी, तुला जमेल का? इथल्या दवाखान्यात सलाईन लावता लावता माझे केस पांढरे होतील, ही भीती माझ्याइतकीच तुम्हालाही होती, हे मला फार उशिरा कळलं.

आमच्या ऑनलाईन क्लासच्या मॅडम पाँडिचेरीच्या. पुस्तक इंग्रजीतून फ्रेंच शिकवणारं. मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या की अवघड इंग्रजी शब्दांची काळजी करू नका, त्यांचे फ्रेंच शब्द सरळ मिळतात. दगा देतात ती रोजची, साधी क्रियापदं. गेट, टेक, लीव्ह. एकेका शब्दाच्या पोटात दहा अर्थ, आणि फ्रेंचमध्ये प्रत्येक अर्थाचं वेगळं बिऱ्हाड.

‘गेट’चा दिवस आठवतो का? तुम्ही अंगणात बाजेवर बसून ऐकत होता. तुमच्या लेखी गेट दोनच होते, गेट इन आणि गेट डाऊन. कोळसा खाणीचे साहेब गाडीत चढले की पहिलं म्हणायचं आणि वणी आली की दुसरं. मी सांगितलं की फ्रेंचमध्ये चढणं वेगळं, उतरणं वेगळं, मिळणं वेगळं, म्हातारं होणं वेगळं, आणि ‘गेट’ असा एक शब्दच नाही. तुम्ही खरोखर नाराज झालात.

“म्हंजे गेटले तिकडं कोणी ओयखतच नाई?”

त्यावर आई आतून हसली होती. घरात हसण्याचा आवाज मी शेवटचा कधी ऐकला ते आठवत बसले की ‘गेट’वर येऊन थांबते.

माझ्या डोक्यात हे अर्थ राहत नव्हते. त्यावर उपाय तुम्हीच काढलात, आणि तो कंडक्टरशिवाय कोणाला सुचला नसता. एकेका अर्थाला एकेक थांबा! वणी, मारेगाव, करंजी, पांढरकवडा. तुम्ही थांब्याचं नाव पुकारायचं, मी तिथला फ्रेंच शब्द सांगायचा. बरोबर आला की चमच्यानं स्टीलच्या गिलासावर दोन टोले, डबल बेल, गाडी पुढे. चुकला की एकच टोला आणि मी थांब्यावर उभी. शेजारच्या काकू विचारायच्या, तुमच्या बेबीले एसटीत लावून राह्यले का?

‘टेक’ची फेरी मला अजून तोंडपाठ आहे. वणीला ‘प्रांद्र’, म्हणजे चहा घेणं, गोळी घेणं, सुट्टी घेणं. मारेगावला ‘आम्‌ने’, माणसाला कुठे घेऊन जाणं. करंजीला ‘आंपोर्ते’, वस्तू उचलून नेणं. आणि पांढरकवड्याला ‘पासे’. इंग्रजीत परीक्षा ‘टेक’ करतात ना, ती फ्रेंचमध्ये ‘पासे’ करतात. इथे तुम्ही गाडी अडवून धरलीत.

“परीक्षा द्याची आपुन, घ्याची मास्तरनं. मंग हे इंग्रज टेक काहून म्हंतेत?”

मी एवढंच सांगितलं की पासे म्हणजे फक्त परीक्षेला बसणं. पास होणं म्हणजे ‘रेयुसीर’, तो शब्द वेगळा आहे. तुम्ही मान हलवलीत आणि गिलासावर दोन टोले दिलेत. कळलं असं मी धरून चालले. पण ज्या माणसाचा सगळा जन्म ‘पास दाखवा’ म्हणण्यात गेला, त्याच्या कानात पास या शब्दाला दुसरा अर्थ शिरणार तरी कसा?

नागपूरला परीक्षेला तुम्ही सोबत आलात. मी नको म्हणत होते. तुम्ही डबा घेतला, पाण्याची बाटली घेतली, खिडकीची जागा मला दिली, आणि कंडक्टर नवा पोरगा आहे, बेल फार उशिरा देतो, म्हणून सगळा रस्ता कुरकुरत राहिलात. तोंडी परीक्षेत बाईंनी विचारलं, आज इथे कशा आलात? इतका सोपा प्रश्न! वडील घेऊन आले, एवढंच सांगायचं होतं. मी ‘प्रांद्र’ वापरून बसले. मारेगाव यायच्या आधी वणीतच उतरले, बाबा. चहा घ्यावा, गोळी घ्यावी, तसं तुम्ही मला घेतलंत असं काहीतरी त्यांना ऐकू आलं असेल. त्या एका वाक्यानं गेले असं नाही, पण पुढे जीभ जी अडखळली ती सुटलीच नाही.

बाहेर आले तर तुम्ही गेटापाशी झाडाखाली उभे. परीक्षेच्या दिवशी संध्याकाळपर्यंत मॅडमशी फक्त फ्रेंचमध्येच बोलायचं, असा त्यांचा नियम होता. मॅडमचा फोन आला आणि मी म्हणाले, “झे पासे लेग्झामँ.” परीक्षा दिली, इतकंच. तुमचा चेहरा एकदम लाल झालेला मी पाहिला होता. ऊन लागलं असेल असं वाटलं. परतीच्या गाडीत मी खिडकीला डोकं टेकून झोपले, आणि तुम्ही वरोऱ्यापासून वणीपर्यंत फोनवर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्लेक्स लागला. चंदूकाकांनी मित्राच्या पोरीसाठी बसल्या बसल्या छापून दिला, त्यांना तरी काय दोष देऊ? मी चिडले, आई चिडली. मी समजावून सांगितलं की बाबा, हा पांढरकवड्याचा पासे आहे, तुमचा पास नाही, निकाल लागायचा आहे. तुम्ही म्हणालात, “होऊनच जाशीन ना. उतरवून पुन्हा कायले चढवाचा?” आणि विषय संपवून पिशवी घेऊन भाजीला गेलात. बाबा, तुमचा हा स्वभाव! गाडी चुकीच्या रस्त्याला लागली तरी ती पोचणारच, असं तुम्ही चेहऱ्यावरची रेषही न हलवता म्हणायचात. मला त्याचा राग येतो. आजही येतोय.

निकालाची वाट तुम्ही पाहिली नाही. सकाळी दूध आणायला गेलात आणि डेअरीच्या पायरीवर बसलात ते उठलाच नाहीत. लोकांनी तुम्हाला आणलं ते आमच्याच दवाखान्यात, माझ्याच ड्यूटीत. मी तुमची नाडी पाहिली. एक गोष्ट सांगू? कोणाला सांगितली नाही. मनगटावर बोटं होती, बोटांना काहीच लागत नव्हतं, आणि डोक्यात आपोआप चाललं होतं, टेक द पल्स, प्रांद्र, वणी. इतका अभ्यास करून घेतलात तुम्ही माझ्याकडून. ते पाठांतर थांबवून मी डॉक्टरांना हाक मारली. ते आले तेव्हा करण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

चंदूकाकांनी तुमचा फ्लेक्स त्याच खांबावर, त्याच चौकटीला बांधला. माझ्या चेहऱ्यावर तुमचा चेहरा.

तेरवीच्या आधी मॅडमचा व्हॉइस मेसेज आला, इंग्रजीत. तुझे वडील ‘पास्ड’ हे कळलं, फार वाईट वाटलं, असं त्या सांगत होत्या. मी तो अंगणात लावला. आई जवळच तांदूळ निवडत होती. तिची शाळा सातवीत सुटली, त्या सगळ्या बोलण्यातले तिला दोनच शब्द कळले, फादर आणि पास.

“काय म्हणून राह्यली मॅडम? हे पास झाले म्हंते?”

इंग्रजीत मेलेल्या माणसाला तसंच म्हणतात हे तिला कसं सांगू? तिनं सुपातला एक खडा वेचून टाकला. मग हळूच म्हणाली, “होऊ दे. घरातलं कोनी तरी झालं.”

ती थट्टा करत नव्हती. सूप तसंच मांडीवर ठेवून ती रडली, आणि मी तिथेच उभी राहिले.

‘लीव्ह’ची फेरी आपली अर्धीच राहिली, आठवतं? गाडी सुटली तर ‘पार्तीर’. माणूस सोडला तर ‘कित्ते’. छत्री गाडीत राहिली तर ‘लेसे’. फ्रेंच लोक गेलेल्या माणसाबद्दल कित्ते वापरतात, आम्हाला सोडून गेला म्हणतात. मला ते पटत नाही. तुम्ही सोडून बिडून काही गेला नाहीत, तुम्हाला तेवढी सवडच मिळाली नाही. तुम्ही उतरलात आणि आम्ही दोघी छत्रीसारख्या मागच्या सीटवर राहिलो. गाडी डेपोत लागली. आता आम्हाला घ्यायला कोण परत येणार आहे?

आणि मी जाईन म्हटलं तर माझंही तेच. मला पार्तीर करायचं असेल तर आईला लेसे करावं लागेल. ती कॅनडाचं नाव काढत नाही. मीही नाही काढत. काल रात्रीचं जेवण झाल्यावर मी तिला निकाल सांगितला. तिनं विचारलं, पुन्हा होते का परीक्षा? होते म्हटलं. ती बरं म्हणाली आणि भांडी घासायला गेली. फ्लेक्स काढायला सांगू का चंदूकाकांना, असं विचारलं तेव्हा मात्र ती परत आली. म्हणाली, “राहू दे. त्यायनं लावेल हाये.”

म्हणजे तो राहणार. रोज सकाळी मी खोट्या उत्तीर्णाखालून ड्यूटीला जाणार, संध्याकाळी त्याच्याखालून परत येणार. लोक विचारतात, कधी निघणार? मी हसते. आज भाजीवालीनं पोरीसाठी सल्ला मागितला. काय देऊ तिला? थांब्यांची नावं?

एकदा बाजेवर बसून मीच चमच्यानं गिलास वाजवून पाहिला. वणी म्हटलं, मारेगाव म्हटलं, करंजीला ‘गेट’चा शब्द आठवला नाही. आईनं आतून विचारलं, कोण आलं?

बाबा, पास होईन असं वचन मी देत नाही. तुम्ही असताना जे जमलं नाही ते तुमच्याशिवाय कसं जमेल? रेयुसीर हा शब्द मी पाठ करणं सोडून दिलं आहे. कॅनडाचं दार कोणासाठी उघडायचं तेही मला आता माहीत नाही. पण तुम्ही वर चढवलेलं खाली उतरवायचं नाही, असं आईनं ठरवलं आहे, आणि तिच्यासमोर मला फार बोलता येत नाही. म्हणून इतकंच. पुढच्या परीक्षेला नागपूरला जाईन. डबा घेईन, खिडकीची जागा तुमच्यासाठी रिकामी ठेवून अलीकडे बसेन, आणि कोणी विचारलं कशा आलात, तर या वेळी वणीत उतरणार नाही, ‘आम्‌ने’ म्हणेन. परीक्षा पासे करीन, बाबा. फ्रेंच अर्थानं. पांढरकवड्यापर्यंत नक्की येते.

तिथून पुढे गाडी नाही, हे मला माहीत आहे.

तुमची,
डबल बेलची वाट पाहत थांब्यावर उभी असलेली,
बेबी