पांढरी दोरी

अब्बा, आज सकाळी एका माणसावर मी अशी खेकसले की बाहेर बाकावर बसलेल्या बायका दारातून डोकावल्या. इचलकरंजीचा यंत्रमाग कामगार. मागात बोट गेलं, आतली दोरी तुटली, डॉक्टरांनी ती शिवली आणि व्यायाम करून घ्यायला त्याला माझ्याकडे पाठवलं. सहा आठवडे पट्टी, त्यातले चारच झालेत. आणि हा बाबा दारातूनच हसत, "मॅडम, झालं न्हवं सहा?" पट्टी हातात नाही, खिशात! वर सांगतो, घरात भरलेली कळशी उचलून बघितली. "कुणी सांगितलं सोडायला?" मी ओरडले, आणि ओरडता ओरडता मला तुमचं बोट दिसलं.

दोरी हा शब्द तुमचाच. उचगावातल्या आपल्या चिकनच्या दुकानात मी शाळेतून आले की तुम्ही कोंबडीचा कापलेला पाय हातात द्यायचा, आणि वरून लोंबणारी पांढरी दोरी ओढायला लावायचा. ओढली की नख्या मिटायच्या, मी किंचाळायची. "हाड एकटं काय करतंय गं? वढणारं मास वर, मधी ही दोरी, तवा कुठं हाड हलतंय." मग उघडतं कसं, मी विचारलं. "मागनं दुसरी हाय की! मास कवा ढकलत न्हाय, नुसतं वढतंय." पुढं कॉलेजात स्नायू, कंडरा, सांधे असं जाडजूड पुस्तक पाठ केलं, पण त्यात याहून वेगळं काय होतं?

मग तुमचीच सुरी घसरली. उजव्या हाताची तर्जनी, दोरी शिवली, सहा आठवडे पट्टी. दर जुम्म्याला कॅलेंडरवर मी फुली मारायची, असं तुम्हीच ठरवलं. तोवर गिऱ्हाईक सांभाळायचं अम्मीनं आणि मी. एका शुक्रवारी तुम्ही विचारलंत, किती झाल्या? मी म्हणाले, सहा. तुम्ही भिंतीकडं बघितलंत. "मला चारच वाटत हुत्या. पर तू शिकल्याली हायस." पट्टी निघाली. रविवारी तुम्ही कोंबड्यांचा क्रेट उचललात, आत टक् झालं, आणि ते बोट परत कधी मिटलं नाही. हाड धड, मास धड, मधलंच गेलं. डॉक्टर तुमच्यावर असेच ओरडले होते, कुणी सांगितलं सोडायला? मी शेजारीच उभी होते. तुम्ही म्हणालात, "मीच मोजाय चुकलो." आणि माझ्याकडं बघितलंही नाहीत.

आज त्या कामगाराच्या बोटाचं मधलं पेर मी धरलं. म्हटलं, टोक वाकवा, सावकाश. काहीच हललं नाही. परत म्हटलं, वाकवा. मग नख जरासं आत वळलं. पट्टी मी स्वतः घट्ट बांधली. तो म्हणाला, "एवढं कशाला चिडताय मॅडम, बोट माझं हाय की." मी त्याच्या कार्डावर उरलेले दोन आठवडे लिहून दिले.

तुम्ही गेलात, आता हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं, म्हणून वहीतच ठेवतेय. अब्बा, शेवटच्या दोन फुल्या मी एकाच दिवशी मारल्या होत्या. त्या रविवारी शाळेची सहल पन्हाळ्याला जाणार होती, आणि तुम्ही दुकानात उभे राहिल्याशिवाय मला सुट्टी मिळणार नव्हती. मी गेले. आणि अब्बा, मला तिथं लई मजा आली होती.